नित्यकर्माला पुण्य नसतं

परीक्षेचा हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलासमोर एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं : "मॅडम, तुम्हाला पुण्य लागेल." बहुतेक वेळा म्हणणारी आई असते. मुलाला लेखनिक मंजूर झाल्याचं पत्र तिच्या हातात असतं, पत्रावर गोल शिक्का असतो आणि आभार कसे मानावेत हे तिला सुचत नसतं. वडील असले तर ते हात जोडतात. मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. बरीच वर्षं वाटत होतं की हा नुसता संकोच आहे. आता वाटतं, अवघडायचं कारण त्या वाक्यातच आहे. मनापासून बोलणाऱ्या त्या बाईला तोंडावर 'यात पुण्य नाही' असं सांगणं क्रूर दिसेल. म्हणून तिथे मी नुसती मान हलवते, आणि सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते.

मी एका विद्यापीठात उपकुलसचिव आहे. माझ्याकडे दोन कामं जोडून आली. विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य शासन, नॅक, निरनिराळे आयोग यांनी घालून दिलेले नियम पाळले जातात का ते पाहायचं आणि तसे अनुपालन अहवाल वेळेवर पाठवायचे, हे एक. समान संधी कक्ष हे दुसरं. लेखनिक, वाढीव वेळ, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, तळमजल्यावरची परीक्षेची खोली, सांकेतिक भाषेचा दुभाषी, वसतिगृहात खालची खोली. ज्या विद्यार्थ्याला जे लागेल ते मिळतं का, हे त्या कक्षाने बघायचं. दोन्हीकडे फायलीच असल्यामुळे बाहेरच्याला ही कामं सारखी वाटतात. पण पहिल्या कामात रकान्यात 'होय' लिहून भागतं. 'रॅम्प आहे का?' होय. रॅम्पच्या टोकाचं दार कुलूपबंद असतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असते, हे विचारणारा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही. चाकाच्या खुर्चीतली मुलगी त्या दारासमोर थांबलेली असते तेव्हा ते कळतं.

माझं माहेर वाईचं. आजोबा प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाचे सातही खंड आमच्या घरी होते, आणि सुटीतल्या दुपारी, घाटावर जाण्याइतकं ऊन उतरेपर्यंत, आजोबा मला समोर बसवून त्यातलं काही ना काही सांगत. पुढे मी संस्कृत घेऊन एम.ए. केलं ते त्यांच्यामुळे. जैमिनीची मीमांसा म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र. देव आहे की नाही, या प्रश्नात तिला फारसा रस नाही. आज्ञा नेमकी काय आहे, ती कोणाला उद्देशून आहे, पाळताना काय सुटलं तर चालेल आणि काय सुटलं तर सगळंच वाया जाईल, हे तिचे प्रश्न. अधिनियम, परिपत्रकं आणि अहवाल यांत जिचा दिवस जातो तिला हे शास्त्र रोज लागतं.

मीमांसा कर्मांचे प्रकार करते. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचं. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी. ज्याला पावसाची इच्छा नाही त्याने केली नाही तर त्याला कोणी बोल लावत नाही. नित्य कर्माचं तसं नाही. संध्या, अग्निहोत्र ही इच्छा असो नसो करायचीच. त्यांनी वेगळं पुण्य साठत नाही, पण चुकवली तर दोष लागतो. त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. आजोबा म्हणत, "नित्य केलंस म्हणून कोणी पाठ थोपटणार नाही, चुकवलंस तर मात्र जाब द्यावा लागेल." कुमारिल आणि प्रभाकर या दोन मोठ्या मीमांसकांचं यावर एकमत नाही, पण त्या वादात आत्ता शिरत नाही.

आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उघडून पाहा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. भेदभाव कशाला म्हणायचं हे दुसऱ्या कलमात सांगताना तिथे स्पष्ट म्हटलं आहे की वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभाव आहे. ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातली. भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. ती व्याख्या मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला आजोबांचा आवाज ऐकू आला. सोय देणाऱ्या संस्थेला कायदा एका शब्दानेही चांगलं म्हणत नाही. न देणारीला मात्र दोषी धरतो. केलं तर श्रेय नाही, चुकवलं तर दोष : अंध मुलाला लेखनिक देणं हे विद्यापीठाचं नित्यकर्म आहे. सतराव्या कलमात परीक्षापद्धतीत बदल करायला सांगताना वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. प्रत्यवायही लिहिलेला आहे. एकोणनव्वदाव्या कलमाप्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

पुण्य म्हटलं काय आणि कर्तव्य म्हटलं काय, मुलाला लेखनिक मिळाल्याशी कारण, असं माझे एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले होते. भला माणूस. पण मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण व्यवहारातलं आहे. काम्य कर्म इच्छेवर चालतं. इच्छा सरली की ते थांबतं आणि थांबवणाऱ्याला दोष लागत नाही. एका महाविद्यालयात कनवाळू प्राचार्य होते. त्यांनी स्वतः फिरून अंध मुलांसाठी वाचक जमवले, संगणकावर पडदावाचक बसवून घेतला, ग्रंथालयात एक कोपरा तयार केला. ते निवृत्त झाले. नवे प्राचार्य काही वाईट नव्हते, त्यांची आवड खेळांची होती. दोन वर्षांत त्या कोपऱ्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. कोणीही काही नाकारलं नव्हतं. आधीच्या प्राचार्यांनी दिलेलं ते त्यांचं दान होतं, आणि दान पुढे चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची नसते. तिथल्या मुलांना तक्रार करायलाही जागा उरली नाही, कारण कोणी आपल्यावर केलेला उपकार बंद झाला म्हणून तक्रार कशी करायची?

३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम होतात. प्रमुख पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं. लेखनिक म्हणून बसलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. त्या मुलांचं कौतुक मलाही आहे. स्वतःच्या परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्यासाठी तीन-चार तास लिहिणं सोपं नाही. पण ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलं समोर खुर्च्यांवर बसलेली असतात, आणि आपण कोणाच्या तरी पुण्याचं साधन झालो हे त्यांना टाळ्यांच्या आवाजात ऐकावं लागतं. चार पायऱ्यांच्या व्यासपीठावर कुबड्या घेतलेल्या मुलाला दोघांनी दंडाला धरून चढवलं आणि त्याच वेळी फोटो काढला गेला, हे मी पाहिलं आहे. आमच्या कक्षाच्या कार्यक्रमात असे सत्कार आणि फोटो मी बंद केले. त्याऐवजी त्या दिवशी वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती दिवसांत झाले, किती नाकारले आणि का, हे वाचून दाखवतो. सभागृहात गर्दी कमी असते. चालेल.

दयेचा मी तिरस्कार करत नाही. आमच्या एका इमारतीत लिफ्ट महिनोन्महिने बंद होती तेव्हा तिथले शिपाई मामा एका मुलाला रोज दुसऱ्या मजल्यावर उचलून नेत. पन्नाशी उलटलेला माणूस, धापा टाकत, एकही दिवस कुरकुर न करता. त्यांच्या पाया पडावं असं मला वाटे. पण तो मुलगा एकदा दार लावून घेऊन माझ्याशी बोलला. "मॅडम, मामा फार चांगले आहेत. पण मला रोज कोणाच्या तरी अंगावरून वर्गात जायचं नाही. सगळे बघतात. आणि मामांची पाठ दुखते, ते मला सांगत नाहीत, पण मला कळतं." मामांची दया खरी होती. लिफ्ट दुरुस्त न होण्याला तीच आधार झाली, हेही तितकंच खरं. मामा होते म्हणून वर्ग चालू राहिला, वर्ग चालू राहिला म्हणून तक्रार आली नाही, तक्रार आली नाही म्हणून निविदा पुढे सरकली नाही. एका चांगल्या माणसाच्या पाठीवर सगळ्या यंत्रणेने आपलं काम टाकलं होतं. शेवटी वर्ग तळमजल्यावर आणायला लावले. ते पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. वेळापत्रकातली दोन नावं इकडची तिकडे करायची होती, त्याला निविदा लागत नाही.

पुण्याच्या कल्पनेला एक जोडकल्पना चिकटलेली असते. एखादा लिपिक अर्ज आवक करता करता हळू आवाजात म्हणतो, "मागच्या जन्माचं काहीतरी असेल." कर्मसिद्धांत मी टाकून दिलेला नाही, माझ्या घरात तो श्वासासारखा होता. पण हे बोलणारा माणूस कर्मसिद्धांत उलटा वापरतो. समोरच्याचं पूर्वकर्म काय होतं हे मला कधीही कळणार नाही, आणि कळलं तरी माझं आजचं नित्यकर्म त्याने टळत नाही. अग्निहोत्र करणारा आहुती टाकण्याआधी अग्नीची पात्रता तपासत नाही. माझ्यासमोर जो अर्ज आहे त्यावर माझं कर्म लिहिलेलं आहे, अर्जदाराचं नव्हे.

इथे एक मोठा आक्षेप आहे, आणि तो घेणारे साक्षात शंकराचार्य आहेत. गीताभाष्यात ते विचारतात, नित्यकर्म न करणं म्हणजे अभाव. अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप गोष्ट निर्माण कशी होईल? नसण्यातून असणं येत नाही. विद्यार्थिदशेत मला हा प्रश्न बिनतोड वाटायचा. नोकरीत आल्यावर एक फाइल माझ्यासमोर आली. दुसऱ्या वर्षाची अंध विद्यार्थिनी. तिने लेखनिकासाठी अर्ज वेळेत दिला होता. महाविद्यालयाने तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे पाठवला, वरच्या कार्यालयाने प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मागवली, ती आली, टिपणी 'मान्यतेस्तव सादर' झाली, साहेब दौऱ्यावर होते. परीक्षा सुरू झाली. तिचे पहिले दोन पेपर गेले आणि वर्ष गेलं. मी ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. 'नाकारण्यात येत आहे' असा शेरा कुठेही नव्हता. कोणीही काहीही वाईट केलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून काही केलंच नव्हतं. आणि तरी एका मुलीच्या आयुष्यातलं एक वर्ष, घरून मोठ्या मिनतवारीने मिळालेलं, लग्नाच्या बोलण्यांपासून वाचवलेलं वर्ष, संपलं होतं. अभावातून काय निर्माण होतं याला याहून ठळक पुरावा मला नको.

पण आचार्य आक्षेप घेऊन थांबत नाहीत. तैत्तिरीय भाष्यात ते दुसरी वाट दाखवतात. विहित कर्म न करणं हे दोषाचं कारण मानू नका, आधीपासून असलेल्या दोषाचं ते लक्षण माना. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि त्या मुलीच्या फाइलीला हे उत्तर अधिक लागू पडतं असं मला वाटतं. फाइल अडकली हा दोषाचा आरंभ नव्हता. परीक्षा म्हणजे तीन तास, कागद, पेन आणि डोळे, असं ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी ती मुलगी कोणाच्या मनात नव्हती. दगडी इमारतीला रुबाबदार पायऱ्या काढल्या त्या दिवशी चाकाची खुर्ची कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आजचं दुर्लक्ष ही त्या जुन्या दोषाची खूण. म्हणून एकेका अर्जावर सही करून दोष फिटत नाही. इमारतीचा नकाशा आणि परीक्षेचा साचा यांच्यापर्यंत जावं लागतं.

आणि साचा म्हटला की अधिकाराचा प्रश्न येतो. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला, याची चर्चा आहे. उत्तर कठोर आहे : जो विधी संपूर्ण करू शकतो त्याला. जैमिनीचे भाष्यकार शबरस्वामी दाखले देतात. आंधळ्याला आज्यावेक्षण, म्हणजे तुपाकडे पाहण्याची क्रिया, करता येत नाही. पांगळ्याला विष्णुक्रमाची पावलं टाकता येत नाहीत. व्यंग बरं होण्यासारखं असेल तर गोष्ट वेगळी, जन्माचं असेल तर अधिकार नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं असं म्हणायची एक सवय आहे, ती मला मान्य नाही. आपल्याकडे हेही होतं. मनुस्मृतीने आंधळ्या-पांगळ्यांना वारशातून वगळलं आणि पोटापुरतं देण्यावर भागवलं. धृतराष्ट्र थोरला असून त्याला डावलून पांडूला राज्य दिलं गेलं. हे झाकून ठेवून परंपरेचं नाव घेऊ नये.

पण त्याच सहाव्या अध्यायात पुढे, तिसऱ्या पादात, एक वेगळाच न्याय सांगितला आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह, म्हणजे पूरक क्रियांसह, पूर्ण व्हायला हवं, नाहीतर फळ नाही. नित्यकर्म मात्र जन्मभर करायचं असतं, आणि माणसाला प्रत्येक वेळी सगळं जमेलच असं नाही. म्हणून ते यथाशक्ती करावं. प्रधान, म्हणजे मुख्य कर्म, सोडू नये, अंगांपैकी जेवढी जमतील तेवढी करावीत. मला हे मीमांसेतलं सर्वांत मानवी वाक्य वाटतं. प्रधान कोणतं आणि अंग कोणतं हे ओळखायला शिकवणाऱ्या या शास्त्राने तुपाकडे पाहणं या अंगापायी आंधळ्याला यज्ञाबाहेर ठेवलं, याचं मला दुःख आहे. स्वतःचा न्याय त्याने स्वतःच त्या माणसापर्यंत नेला नाही.

आपल्या काळातही आज्यावेक्षण आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी उमेदवाराचे दोन्ही हात शाबूत, संवेदना आणि पुरेशी ताकद असलेले हवेत, अशी अट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनमोल नावाच्या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं होतं की वाचा आणि भाषेच्या अपंगत्वाची टक्केवारी ४० च्या वर गेली एवढ्याने कोणी एमबीबीएसला अपात्र होत नाही. तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासायला हवं. ३ मार्च २०२५ च्या निकालाने अंध व्यक्ती न्यायाधीश होण्यास पात्र ठरल्या. तिन्ही निकालांचा प्रश्न एकच : या कामाचं प्रधान काय, आणि आपण अंगाला प्रधान समजून बसलो आहोत का?

आमच्या बैठकांत हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, ज्याला दिसत नाही त्याने टायट्रेशन करायचं कसं? फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आला हे त्याला कोण सांगणार?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही मार्क कशाचे देता?" ते विचार करून म्हणाले, कुठे थांबायचं हे ओळखण्याचे, ब्युरेटचं वाचन नीट घेण्याचे, गणिताचे, आणि चूक कुठून आली असेल हे सांगता येण्याचे. रंग दिसण्याचे मार्क त्यांच्या यादीत नव्हते. सहायक रंग सांगेल, किंवा आकडा बोलून दाखवणारा पीएच मीटर लावता येईल. केव्हा थांबवायचं ते विद्यार्थी ठरवेल. त्यांनी पुढच्या वर्षी तशी परीक्षा घेतली आणि तोंडी परीक्षा नेहमीपेक्षा कडक ठेवली. मला ते फार आवडलं.

याच न्यायाने कधीकधी नकारही द्यावा लागतो. वाचन-लेखनात विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थ्याचे मराठी साहित्याच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, असं आम्ही ठरवलं. तिथे प्रधान आहे साहित्याची समज. त्याच विद्यार्थ्याने मुद्रितशोधनाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात तीच सूट मागितली तेव्हा आम्ही ती दिली नाही. वेळ वाढवून दिला, मोठा टाइप दिला, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दिलं. पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक ओळखणं हेच तिथलं प्रधान आहे. त्याला ते लागलं. मी कारण लेखी दिलं, कारण नकाराला कारण मागण्याचा त्याचा हक्क आहे.

लेखनिकाबद्दलचा संशय तर कायमचा. 'लिहिणारा दुसरा, मग मार्क कोणाचे?' हे ज्ञानेश्वरीच्या महाराष्ट्रात विचारलं जातं याचं मला नवल वाटतं. शके १२१२ मध्ये ज्ञानदेव सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, हे ग्रंथाच्या शेवटीच नोंदलेलं आहे. तेवढ्याने ग्रंथ सच्चिदानंदबाबांचा झाला असं सातशे वर्षांत कोणी म्हटलं नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले आणि १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले आणि इतरांनी ते उतरवले. नियम तर लेखनिकाबाबत बारकाईने लिहिलेले आहेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्याने स्वतः लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्याहून एक पायरी कमी असावं लागे. दर तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लिहिण्याची खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. अजून कितीतरी परीक्षा केंद्रांवर ४० चा आकडा बघितल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही.

एक पालक मात्र माझ्या मनात घर करून बसले आहेत. त्यांचा मुलगा धडधाकट. ते म्हणाले, "आमच्याही मुलाला वेळ पुरत नाही. तो सगळं जाणतो, पण हात हळू चालतो. त्याला का नाही एक तास?" त्यांना मत्सरी म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. इतिहासाच्या पेपरात वेग हे प्रधान नसेल तर तीन तासांची सक्ती तरी कोणासाठी आहे? अंध मुलीच्या निमित्ताने आपण परीक्षेला हा प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं की ते फक्त तिच्या हॉल तिकिटावर लिहितो. खरं म्हणजे ते सगळ्यांचं उत्तर आहे. यावर काढण्यासारखा आदेश माझ्या अधिकारात नाही, पण अधिकार मंडळांनी तो काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सध्या सगळ्या विद्याशाखांचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. प्रत्येक विषयाच्या आरंभी उद्दिष्टं आणि फलनिष्पत्ती लिहाव्या लागतात. अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या सर्व प्राध्यापकांना माझी विनंती आहे. त्याच पानावर आणखी दोन ओळी लिहा : या विषयाच्या परीक्षेत काय सोडता येणार नाही, आणि काय कोणत्याही दुसऱ्या रीतीने केलं तरी चालेल. हे तुम्हीच ठरवू शकता. माझ्यासारख्या अधिकाऱ्याला किंवा केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला ते ठरवता येत नाही, आणि ठरवायला लागलं तर ते परीक्षेच्या सकाळी, घाईत, विद्यार्थ्याला दारात उभं करून ठरवावं लागतं. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवा. प्रथम सत्राची परीक्षा नोव्हेंबरात आहे आणि लेखनिकाचे अर्ज सप्टेंबरपासून येऊ लागतात.